ताडोबाला लेकरांना आणि आजींना घेऊन जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार असलेल्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. ताडोबाजवळच्या एखाद्या इको-लॉजवर चार रात्री काढायच्या आहेत. दिवाळीत जावं की मे महिन्यात? सफाऱ्या किती घ्याव्यात? लॉजच्या नावात ‘इको’ आहे, पण ते खरंच तसं चालतं का, हे घरबसल्या कसं कळणार? आणि मुलं कंटाळली तर? यजमानांच्या मनात मे महिना आणि सहा सफाऱ्या आहेत.

मी सतरा वर्षं ताडोबाच्या कोलारा-नवेगाव बाजूला काम करते आहे. आधी पाहुण्यांना जंगल दाखवत होते, आता एक लहानसं लॉज सांभाळते. त्यामुळे ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. दिवाळीत या. सफाऱ्या तीनच घ्या. आणि लॉज निवडताना सफारी सोडून उरणाऱ्या वेळाचा विचार करा. एक सफारी म्हणजे साधारण चार तास. दिवसाचे बाकीचे वीस तास तुम्ही लॉजवर असणार आहात, आणि लेकरांची सुट्टी चांगली गेली की वाईट, हे त्या वीस तासांत ठरतं. हे मी शेकडो कुटुंबांना सोडायला गेटपर्यंत गेल्यावर शिकले.

मे महिन्यात वाघ जास्त दिसतो, हे यजमानांचं म्हणणं खरं आहे. पानगळ होऊन गेलेली असते, नाले आटलेले असतात, जनावराला पाणवठ्यावर यावंच लागतं. पण चंद्रपूर जिल्ह्यातला मे म्हणजे पंचेचाळीस अंश, कधी त्याच्याही वर. दुपारच्या सफारीला जिप्सी गेटवर उभी असते तेव्हा तिच्या लोखंडी दांडीला हात लावला की चटका बसतो. उघड्या गाडीत तोंडावर झळा घेत चार तास बसायचं असतं. एका मे महिन्यात पाच-सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या गाडीत दीड तासातच मलूल झाला, मग उलट्या सुरू झाल्या. गाडी वळवून परत यायला पाऊण तास लागला. ओला पंचा त्याच्या मानेवर धरून बसलेल्या त्याच्या आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी वाघ दिसला होता. कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोललं नाही.

दिवाळीचं चित्र वेगळं असतं. कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. तीन महिने गाड्यांचा आवाज न ऐकलेलं जंगल असतं ते. गवत माणसाच्या छातीला लागतं, बांबू दाट असतो, त्यामुळे रस्त्यापासून दहा पावलांवर बसलेला वाघही दिसत नाही. हे आधीच मान्य करून या. त्या बदल्यात जे मिळतं ते सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर असतं. या दिवसांत रस्त्याच्या एका झाडापासून पलीकडच्या बांबूपर्यंत सोनेरी झाक असलेली मोठमोठी जाळी ताणलेली असतात. जायंट वुड स्पायडरची. मधोमध बसलेली मादी पायांसकट तळहाताएवढी. मुलाला सांगा, याच जाळ्यात नर शोध. पाच मिनिटं जातात, मग एकदम ओरडतो, कारण नर त्याच्या करंगळीच्या नखाएवढा असतो आणि जाळ्याच्या कडेला जीव मुठीत धरून बसलेला असतो. हा खेळ मी आजवर किती मुलांना खेळायला लावला असेल, पण कंटाळलेलं एकही मूल पाहिलं नाही.

शिवाय दिवाळीत आमच्याकडची गावं जागी असतात. पाडव्याच्या सुमाराला गायगोधन असतं. गाई-बैल रंगवून, सजवून गावातून निघतात, गोवारी मंडळी नाचतात. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायला लागते आणि रात्री झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं लागतात, ती पहाटेपर्यंत चालतात. लेकरांना अख्खी रात्र जागवू नका, पण तासभर नक्की बसवा. मंडपात बसलेल्या हजारभर माणसांचं हसणं आणि रडणं पुण्याच्या बारा वर्षांच्या मुलीने एकदा ऐकावं असं मला मनापासून वाटतं. आजींना तर यातलं सगळंच कळेल.

आता तीन सफाऱ्या कशा बसवायच्या ते सांगते. मंगळवारी कोअर बंद असतं. बहुतेक लोक हा दिवस टाळून येतात. तुम्ही तो मधोमध घ्या. रविवारी दुपारपर्यंत पोचा आणि त्या दिवशी काहीच करू नका. सोमवारी पहाटे कोअरमध्ये पहिली सफारी, आजी सोडून चौघं. मंगळवार अख्खा मोकळा. बुधवारी पहाटे दुसरी कोअर सफारी. बुधवारी दुपारी बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्यात, तिसरी, आणि तिला आजी, यजमान आणि मुलगी यांनी जावं. धाकटा त्या वेळी झोपलेला बरा, तुम्ही त्याच्यापाशी थांबा. सगळ्यांनी सगळ्या गाडीत बसलंच पाहिजे असं काही नाही. रोज दोन-दोन सफाऱ्या घेणारी कुटुंबं तिसऱ्या दिवशी एकमेकांशी नीट बोलत नाहीत, कारण सलग दोन पहाटे साडेचारला उठून लेकरांची झोप मोडलेली असते. गुरुवारी सावकाश नाश्ता करून निघा.

आजींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यांना घरी ठेवून येण्याचा सल्ला कुणीतरी तुम्हाला देईल. तो ऐकू नका. जिप्सीची पायरी उंच असते, गुडघ्याला तेवढाच त्रास. लॉजला आधी सांगितलं तर ते स्टूल ठेवतात. आजींना चालकाच्या लगेच मागच्या ओळीत बसवा, मागच्या ओळीला आदळआपट फार. कमरेमागे उशी. पहाटेची सफारी त्यांना नको, कारण दिवाळीनंतर उघड्या गाडीत पहाटेचा वारा सांध्यांत शिरतो. दुपारची बफरची फेरी त्यांना मानवते: ऊन उतरत जातं, रस्त्याकडेला धानाची शेतं लागतात, डुकरं हाकलायला बांधलेली मचाणं दिसतात. एका आजींनी पळसाचं पान हातात घेऊन नातीला पत्रावळ कशी टाचायची ते गाडीतच दाखवलं होतं. आमचा गाईड त्या दिवशी गप्प बसून ऐकत होता.

लॉज. इथे तुमचा खरा प्रश्न आहे. ‘इको’ हा शब्द कुणीही पाटीवर रंगवू शकतं. मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर म्हणजेही इको नव्हे, मी सिमेंटची साधी खोली आणि उत्तम कारभार असलेली ठिकाणं पाहिली आहेत. फोन करा आणि मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला. पहिला प्रश्न हा विचारा, की रात्री बाहेरचे दिवे किती वाजता बंद करता. समोरचा गडबडला तर समजा की त्याने यावर कधी विचार केलेला नाही. याचं महत्त्व मी चूक करून शिकले. आमच्या लॉजच्या दुसऱ्या वर्षी पाहुणे अंधाराला घाबरतात म्हणून मी वाटेवर चाळीस पांढरे दिवे लावले. महिन्याभरात दर सकाळी प्रत्येक खांबाखाली मेलेल्या किड्यांचा थर दिसायला लागला, आणि वाटेवर रोज येऊन बसणारा रातवा पक्षी यायचा थांबला. सहा महिन्यांनी सगळे काढले. आता गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले, मंद पिवळे मोजके दिवे आहेत आणि दहा वाजता तेही बंद होतात. पाहुण्यांना प्रत्येकी एक टॉर्च देतो. रातवा परत यायला दुसरा हिवाळा उजाडला.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. ‘सुका कचरा कुठे जातो?’ एवढंच विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ‘नगरपालिका नेते’ असं कुणी म्हणालं तर लक्षात घ्या, जंगलालगतच्या खेड्यात नगरपालिका नसते. चांगलं लॉज सांगेल की आम्ही पाण्याच्या बाटल्या ठेवतच नाही, ओल्याचं खत करतो आणि उरलेलं महिन्यातून अमुक वेळा गाडीने चिमूरला किंवा चंद्रपूरला पाठवतो. उघड्यावर टाकलेलं खरकटं फक्त घाण करत नाही. त्यावर कुत्री आणि डुकरं येतात, आणि त्यांच्या मागावर बिबटा येतो. म्हणजे लॉजचा कचरा हा तुमच्या लेकराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न माणसांचा: तुमच्याकडे काम करणारे कुठल्या गावचे? कोअरमधली नवेगाव, जामणी यांसारखी गावं उठून बाहेर आली. जिथे त्यांची घरं होती तिथे आता गवताची कुरणं आहेत आणि चितळांचे कळप चरतात. वाघ वाचवण्याची किंमत या माणसांनी आपली चूल हलवून मोजली आहे. बफरमधली माणसं ती अजून मोजताहेत. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. ज्या लॉजच्या स्वयंपाकघरात, खोल्यांत, बागेत याच गावांतली माणसं पगारावर आहेत, त्या लॉजला मी इको म्हणते, मग तिथे सौरऊर्जेचा पंप असो वा नसो. आणि यात तुमचाही फायदा आहे. मुलाला जंगल शिकवणारा माणूस तिथे ताट वाढायला उभा असतो.

पोहण्याच्या तलावाबद्दल मतभेद होतील, पण माझं मत स्पष्ट आहे. उन्हाळ्यात जिथे बायका हंडे घेऊन बोअरवेलशी रांगेत उभ्या असतात, तिथे तलाव भरणं मला पटत नाही. एसीला मात्र माझा विरोध नाही. आजींना रात्री झोप लागली पाहिजे. गैरसोय सोसली म्हणजे पर्यावरण राखलं असं होत नसतं. डीजे, लग्नाची वरात, थर्टीफर्स्टची पार्टी घेणारं ठिकाण असेल तर नाव खोडून टाका. तुम्हीही फटाके आणू नका. फुलबाजीसुद्धा नको, वाळलेलं गवत जवळच असतं.

मुलं कंटाळतील का? पहिल्या संध्याकाळी थोडी कंटाळतील, कारण कोअरमध्ये मोबाईल गेटवर ठेवावा लागतो आणि बऱ्याच लॉजवर नेटवर्कही येत-जात असतं. ती संध्याकाळ जाऊ द्या. मंगळवारचा मोकळा दिवस हाच तुमच्या सहलीचा गाभा आहे, म्हणून तो कसा जातो ते सांगते. सकाळी साडेसहाला लॉजच्या आवारातच, कुंपणाच्या आत, कुणातरी जाणत्यासोबत फिरा. रात्री पाणी मारलेल्या मातीवर ठसे उमटलेले असतात: मुंगूस, ससा, मोर, कधी साळिंदर. मुलाला प्रत्येक ठशाशेजारी स्वतःचा हात ठेवायला सांगा. व्हरांड्याच्या कडेला, जिथे पाऊस पोचत नाही अशा भुरभुरीत मातीत, नाण्याएवढे उलट्या शंकूसारखे खड्डे दिसतील. एक मुंगी त्या काठावरून घसरली की तळातून वाळूचे कण उडायला लागतात, कारण खाली एक किडा जबडा उघडून बसलेला असतो आणि मुंगीला वर चढू देत नाही. मागच्या वर्षी एक मुलगा या खड्ड्याशी पोटावर पालथा पडून पन्नास मिनिटं होता. त्याच्या वडिलांनी त्याला जेवायला तीनदा हाक मारली. त्या मुलाने आदल्या दिवशी वाघ पाहिला होता, पण घरी जाऊन त्याने चित्र काढलं ते या खड्ड्याचं. त्याच्या आईने ते मला पाठवलं, आमच्या जेवणाच्या खोलीत लावलं आहे.

बारा वर्षांच्या मुलीला वेगळं काहीतरी लागेल. तिला आवाज द्या. सोमवारच्या सफारीत गाईड सांगेल की ‘कॉल होतोय’, म्हणजे वाघ किंवा बिबटा जवळ असल्याचा इशारा जनावरं ओरडून देताहेत. चितळाची कूक, वानराचं खोकल्यासारखं खॉक आणि सांबराची खोल, घंटा फुटल्यासारखी ढँक. चितळ बिचारं उगाचही घाबरतं. वानर उंचावरून बघतं, म्हणून त्याचं म्हणणं ऐकावं. सांबर ओरडून ओरडून पाय आपटायला लागलं की गाईडसुद्धा बोलणं थांबवतो. तिला हे तिन्ही ओळखायला शिकवा आणि मंगळवारी रात्री दिवे गेल्यावर व्हरांड्यात वहीसकट बसवा. किती वाजता, कुठल्या दिशेने, कोण ओरडलं, हे तिने लिहायचं. अंधारात अर्धा तास गप्प बसल्यावर नाल्याच्या बाजूने एक ढँक आली, की तिच्या अंगावर काटा येतो आणि ती स्वतःहून तुमच्याजवळ सरकते. या वयाच्या मुली आईजवळ सरकायच्या थांबलेल्या असतात, म्हणून सांगते.

गेटकडून ताडोबा तलावाकडे जात असाल तर काठावरच्या तारूच्या देवस्थानाबद्दल गाईडला विचारा. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी इथल्या गोंडांची श्रद्धा आहे. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव आलं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पण हे जंगल त्याच्या कितीतरी आधीपासून कुणाचं तरी देवस्थान होतं, हे मुलांना कळलेलं बरं.

गाईड आणि चालकाशी वागण्याबद्दल एक कळकळीची विनंती. गाडीत बसल्याबरोबर ‘आज वाघ दाखवाच, खूश करू’ असं म्हणू नका. यजमानांनाही आधी समजावून ठेवा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून जिप्सी लावून अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, गाईड-चालकांवर कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या गाड्यांत मागे बसलेल्यांनी ‘अजून पुढे घ्या’ असं म्हटलंच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही उलट म्हणा: ‘आम्हाला घाई नाही, तुम्हाला आवडतं ते दाखवा.’ या एका वाक्याने आमच्या पोरापोरींचा चेहरा कसा खुलतो ते पाहाल. आता ताडोबात बाईगाईडही आहेत. मिळाली तर तुमच्या मुलीला तिच्याशेजारच्या सीटवर बसवा.

सुरक्षिततेचं मोजकं पण काटेकोर सांगते. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुंपणाबाहेर पायी जायचं नाही, पन्नास पावलंसुद्धा नाही. आवारातही सहा वर्षांच्या मुलाचा हात मोठ्याच्या हातात. बिबट्याला लहान चण दिसते, माणसाचं मूल आहे हे नंतर कळतं. रात्री खोलीतून बाहेर पडताना टॉर्च पायाशी आणि पायांत बूट, बूट घालण्याआधी झटकून. जमिनीवर गादी टाकून झोपू नका. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पलंग आणि मच्छरदाणी हा त्यावरचा सोपा उपाय आहे, डासही टळतात. कुणाला साप चावलाच तर मांत्रिक, चिरा, पट्ट्या काही नको. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लॉज पक्कं करताना त्यांना विचारा, की रात्री दोन वाजता गाडी आणि चालक तयार असतो का. ‘बघू’ असं उत्तर चालणार नाही. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने लांब बाह्या, लांब पँट घाला आणि गवतात लोळू देऊ नका, गोचिड्या आणि बारीक किडे चिकटतात. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं सांगा. एवढ्या एका माहितीने तपासण्यांची दिशा बदलते.

जेवणाची काळजी नको. धाकट्याला तिखट झेपणार नाही, तर वरण-भात आणि तूप कुठेही मिळतं. तुम्ही मात्र पाटोडीचा रस्सा मागून खा, आणि चुलीवरच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत. यादीत पनीर आणि नूडल्सच असतील तर स्वयंपाकघरात जाऊन विचारा, की आज तुमच्या घरी काय केलं होतं.

नागपूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने या. तिथून उमरेड, भिसी, चिमूरवरून कोलारा अडीच-तीन तास. मोहर्ली गेटकडे जाणार असाल तर वाट वरोऱ्यावरून जाते, तिथे बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. अर्धा दिवस काढता आला तर मुलांना दाखवा. सफारीचं आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच टाका, मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, झेरॉक्सवर आत सोडत नाहीत. दिवाळीची आरक्षणं लवकर भरतात, तेव्हा तारखा ठरल्या की आधी सफारी पक्की करा, मग खोली. आणि खोली पक्की करताना आजींसाठी तीन गोष्टी विचारून घ्या: कमोड आहे का, दाराशी पायऱ्या किती, आणि जेवणाच्या जागेपर्यंतची वाट सपाट आहे की दगडांची.